बटण लावताना

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला माझ्या फोटोंना हात लावायला?"

छायाचित्रकार बाई अशा कडाडल्या की शिडीवरचा फ्रेमवाला आपसूक एक पायरी खाली आला. उद्घाटनाला जेमतेम तास उरला होता. ऐन तारुण्यापासून बाईंनी तळघरांत, गोदामांत, कान फाटतील अशा गाण्यांच्या गर्दीत कोपरखळ्या खात बंडखोर पोरांचे फोटो काढले. साखळ्या, उभे केस, मुद्दाम फाडलेली जॅकेटं. नातेवाईक म्हणत, 'हिला दुसरं काही सुचत नाही का?' आज पहिल्यांदा ते सगळं भिंतीवर लागायचं होतं, आणि भिंतीवर भलतंच लागलं होतं.

"अगं, तू काढून ठेवलेले सगळे हललेले," नवरा समजुतीने म्हणाला. "एकाचं नाक धड दिसेना. म्हटलं, चुकून खराब गठ्ठा आला. मग माळ्यावरच्या खोक्यातले स्वच्छ निवडले. तुझ्याच अब्रूसाठी!"

"ते खोकं टाकाऊ फोटोंचं होतं! आणि हलणार नाहीत तर काय? ती पोरं उड्या मारत होती, पासपोर्टच्या फोटोला बसली नव्हती!"

भिंतीवर एक ड्रमवाला ड्रमवरच डोकं टेकून झोपला होता. मधोमध, सगळ्यांत मोठ्या फ्रेममध्ये, त्या काळचा महाखुनशी गायक होता. गळ्यात कुलूप, डोक्यावर केसांचे खिळे, आणि दोन्ही हात शहाण्या बाळासारखे वर. त्याची आई दातांत दोरा धरून जॅकेटला बटण लावत होती.

"उतरवा तो!"

"ताई, स्क्रू मारलेत. भिंतीसकट येईल."

तेवढ्यात माणसं यायला लागली. त्यांत तोच गायक होता. आता टक्कल, इस्त्रीचा शर्ट, सोबत निळ्या केसांची मुलगी. फोटो पाहून तो लालबुंद झाला.

"बाई! तेव्हाच बजावलं होतं, हा काढू नका म्हणून! लोक चळचळा कापायचे मला!"

"मला काय हौस आलीय? धरा तिकडून, ओढा!"

दोघं फ्रेमला लोंबकळले. मुलगी पुढे आली.

"बाबा, हे तुम्ही? आणि माझ्या केसांवरून घरात आठवडाभर अबोला?"

"गप्प बस. तू ओढायला ये."

ती आली नाही. फोटोच बघत राहिली. "आजी किती चिडलीय! तरी बटण लावतेच आहे."

बाईंनी मान वर केली. फोटोतल्या आईची भुवई, ताणलेला दोरा, आवळलेला जबडा. आयुष्यभर ज्या संतापामागे त्या कॅमेरा घेऊन धावल्या, तो अख्ख्या दालनात याच एका चेहऱ्यावर होता. गायकाचा तर नुसता मेकअप होता.

"ओढा ना बाई, थांबलात काय?"

"हात काढा!" बाई त्याच्यावर खेकसल्या. "खबरदार फ्रेमला बोट लावाल तर! माझं काम आहे ते!"

नवऱ्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"आणि तुम्ही," बाई गरकन वळल्या, "एक अक्षर नको!"