घर नावाचं स्टेशन

"या मेल्या नळाचा एक दिवस गळाच आवळते मी," सून पुटपुटली. लगेच जीभ चावून तिने फ्रिजकडे पाहिलं आणि आवाजात साखर घालत म्हणाली, "तसा छान आहे हो नळ. चालायचंच."

फ्रिजवर, रिकाम्या बरणीला टेकून, माइक ठेवला होता. त्याची वायर जुन्या लॅपटॉपात, लॅपटॉप इंटरनेटला आणि इंटरनेटचं दुसरं टोक दुसऱ्या गावातल्या हॉस्पिटलात, बाबांच्या उशाशी.

बाबांचा सगळा जन्म छापखान्यात मशीन चालवण्यात गेला. धडधडाटात जगलेला माणूस. हॉस्पिटलच्या शांततेत त्यांचा डोळा लागेना. "इथे मेल्यासारखं वाटतं," ते म्हणाले, तेव्हा भेटायला गेलेल्या सगळ्यांनाच एकदम खिडकीबाहेर काहीतरी बघायचं होतं. कारण डॉक्टरांनी थोरल्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, औषधांचं काम आता संपलं. थोरल्याने ते बायकोला सांगितलं, तिने सासूला, सासूने धाकट्याला. बाबांना कुणीच नाही. आणि एकदा सांगून झाल्यावर आपापसातही ते पुन्हा कुणी तोंडातून काढलं नाही.

नळाचंही तसंच. हॉस्पिटलात जायला निघताना बाबा दारातून बजावून गेले होते, "प्लंबरला हात लावू देऊ नका. मी आलो की वॉशर बदलतो." तेव्हापासून नळ गळत होता आणि प्लंबरचं नाव काढायची कुणाची छाती होत नव्हती.

बोलण्याऐवजी थोरल्याने रेडिओ आणला. इंटरनेटवरची स्टेशनं पकडणारा, एका बटणाचा. बाबांना फोन हातात धरवत नव्हता, पण बटण दाबता येत होतं. "हे दाबलं की आपलं घर लागेल," तो म्हणाला. लागलंही. भांड्यांचा आवाज, पावलं, नळाची टपटप. त्या रात्री बाबा घोरले.

पण घरचं इंटरनेट सगळ्यांत स्वस्तातलं. बाहेरून आत यायला नळी, आतून बाहेर जायला सुईचं नेढं. त्यातून एका वेळी एकच ऐकणारा मावायचा. धाकट्याने मित्राला व्हिडिओ कॉल लावला, तर बाबांचं घर बंद पडलं. व्हिडिओ कॉलवर बंदी आली. मग सुनेच्या लांब राहणाऱ्या नणंदेने "मीही जरा ऐकते" म्हणून स्टेशन लावलं. बाबा बाहेर फेकले गेले, आणि बिचारीच्या कानी पडलं ते नेमकं सुनेने तिच्याविषयी काढलेलं मत. तिने फोन करणंच सोडलं.

तेव्हा थोरल्याने फर्मान काढलं. फ्रिजच्या टप्प्यात वेडंवाकडं बोलायचं नाही. भांडण गॅलरीत करायचं. रडणं बाथरूममध्ये. "आणि चुकून काही निसटलंच, तर ही वायर उपटायची. लाईन बारीक आहे, बोललेलं आधी लॅपटॉपात साठतं. तिकडे पोचायला अर्धं मिनिट तरी लागतं."

मग घर असं काही सभ्य झालं की विचारता सोय नाही. "आपण घ्या ना आधी," असं धाकटा थोरल्याला म्हणू लागला. "बाबा आले की भिंती रंगवू," हे दिवसातून दोनदा फ्रिजसमोर म्हटलं जाई. रंग कोणता, यावर एकमतही झालं. या घरात, रंगावर! आई तेवढी काही म्हणत नसे. ती बाथरूममध्ये जाऊन बादली भरायला लावी आणि बराच वेळ बाहेर येत नसे.

आणि एके सकाळी वॉर्डातल्या सिस्टरचा फोन आला. "अहो, तुमचे बाबा फार चिडलेत. म्हणतात, रेडिओवर चुकीचं घर लागतंय."

"चुकीचं कसं? एकच तर स्टेशन आहे त्यात!"

"तेच सांगितलं मी. ते म्हणतात, नळ आमचा आहे, माणसं आमची नाहीत. झोपलेच नाहीत हो."

गॅलरीत बैठक बसली. "भांडावं लागणार," थोरला कपाळाला हात लावून म्हणाला. "पण कशावरून?"

"एरवी बरे विषय सापडतात तुम्हाला," सून म्हणाली.

"हेच आत जाऊन म्हण!"

"नळावरून भांडा," आई म्हणाली. "त्याला सगळेच वैतागलेत."

सुरुवात नवख्या नटांसारखी झाली.

"हा नळ," सून फ्रिजला उद्देशून म्हणाली, "फारच गळतो बाई."

"गळू दे. तुझं काय जातं?"

"माझं काय जातं? खालची बादली कोण उपसतं रोज? तुम्ही?"

"मी दमून येतो ऑफिसातून!"

"आणि मी काय इथे पाय पसरून बसते?"

धाकट्याला स्फुरण चढलं. "वहिनी, दादाला रेडिओ आणता येतो. नळ नाही."

"तू तर बोलूच नकोस!" थोरला उसळला. "दर रविवारी हॉस्पिटलात कोण जातं? तू किती वेळा आलास?"

हे ठरलेल्यात नव्हतं. धाकट्याचा चेहरा उतरला. "मला नाही बसवत तिथे. ते विचारतात, घरी कधी नेणार. काय सांगू मी?"

"सांग काहीही! पुढच्या आठवड्यात म्हण!"

"तूच म्हण! बाबा आले की, बाबा आले की... भिंतींचा रंग ठरवून बसलायस!"

"अहो, निदान प्लंबरला तरी बोलवा," सून रडकुंडीला आली.

"बाबा आल्यावर करतील!"

"पण कधी?"

नळ तेवढा बोलत राहिला.

"ते नाही येणार आता," आई म्हणाली. "बोलाव प्लंबरला."

थोरला वायरीवर झेपावला. अर्धं मिनिट हातात होतं. वाक्य अजून घरातच होतं. आईने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे. पोचू दे."

"आई, अगं बाबा ऐकतील!"

"घर त्यांचं आहे. आणि इतकी वर्षं मी त्यांच्यापासून काही लपवलं नाही. आता या वयात नाही जमत मला."

दूध उतू जायची वाट बघावी, तसे चौघं लॅपटॉपकडे बघत उभे राहिले. मग फोन वाजला. उचलला आईनेच. सिस्टरने तो बाबांच्या कानाला लावला असावा. आधी नुसता श्वास ऐकू आला.

"लागलं," बाबा म्हणाले. "आत्ता लागलं आपलं घर."

"ऐकलंत?"

"अगं, मला केव्हाच कळलंय. सूनबाई त्या नळाला छान म्हणाली ना, तेव्हाच समजलो, आपलं काही खरं नाही."

सून तोंडाला पदर लावून हसू लागली. मग ते हसू राहिलं नाही. पण ती बाथरूमकडे गेली नाही; तिथेच, फ्रिजसमोर उभी राहिली.

"वॉशर ओट्याखालच्या पत्र्याच्या डब्यात आहे. तोच लावायला सांगा," बाबा म्हणाले. बराच वेळ दम खाऊन त्यांनी विचारलं, "आता गप्प का झालात सगळे? चालू द्या जरा. झोप येतेय मला."