वीस फुल्या आणि दार

कोणतीही सूचना वरून खाली जाताना प्रत्येक टप्प्यावर थोडी खाल्ली जाते. हा संगणकाचा नियम आहे (शासन तो आधीपासून पाळते, एवढेच).

नाशिकच्या प्रतिभाताईंचे वधूवर सूचक केंद्र आहे आणि केंद्राचे अ‍ॅप आहे. स्थळाच्या माहितीत कोणी फोन नंबर घातला की त्या जागी फुल्या उमटतात. दोन्ही घरे परस्पर बोलू लागली तर केंद्राने समाजसेवा करायची कशी? ही सोय मुस्तकीम नावाच्या प्रोग्रॅमरने केली होती. सलग दहा आकडे दिसले की झाका, असा नमुना त्याने लिहिला. मग वधूपिते आकड्यांच्या मधे टिंबे घालू लागले. मुस्तकीमने नमुन्यात टिंबही घेतले.

आता, अशा नमुन्यात नुसत्या टिंबाचा अर्थ टिंब नसतो. त्याचा अर्थ ‘काहीही’. आधी उलटी तिरपी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, दिली तरच ते बिचारे टिंब राहते. मुस्तकीमने रेघ दिली होती. पण नियम आपल्या मोबाइलवरून बदलता यावेत, अशी प्रतिभाताईंना इच्छा झाली. नमुना सेटिंगच्या पानावर हलवला गेला आणि तिथून प्रोग्रॅमपर्यंत येताना रेघ वाटेत खाल्ली गेली. (खाणाऱ्याचा दोष नाही. त्याला त्यासाठीच ठेवलेले असते.) नियम उरला तो असा: सलग दहा काहीही दिसले की झाका.

जिल्ह्यातील समस्त उपवर फुल्यांखाली गेले. पगार गेले, पदव्या गेल्या, ‘घरकामात निपुण’ गेले. दहादहाच्या हिशेबातून सुटलेली शेपटे तेवढी दिसत होती. चांदवडच्या रोहितच्या व्यवसायात वीस फुल्या आणि शेवटी ‘दार’ उरले.

चौकशा तिप्पट झाल्या.

रोहितला वर्षभरात कोणी विचारले नव्हते. आता मुलीसाठी स्थळ पाहणाऱ्या मालनबाईंनी ‘दार’ पाहून तहसीलदार नक्की केला आणि केंद्रामार्फत त्याला घरी बोलावले. पोहे झाल्यावर, सध्या कुठे असता, असे त्यांनी विचारले.

“चांदवडला.”

“कधीपासून?”

“जन्मापासून. मी लिहिलं व्हतं ना, प्रगत द्राक्ष बागायतदार.”

चहा लांबला. तेव्हा त्यांची मुलगी साक्षी म्हणाली, “आई, तहसीलदार असता तर वर्षभर अ‍ॅपवर राहिला असता का?”

मग तिने रोहितला विचारले, की तिच्याही माहितीवर फुल्याच होत्या, तरी तो आला कसा.

“शेवटी ‘आवड’ एवढंच दिसत व्हतं,” तो म्हणाला. “कशाची, ते इचारायला आलो.”

 हे आजवर साक्षीला कोणी विचारले नव्हते.

इकडे मुस्तकीमने दोन रेघा देऊन पाहिल्या. एक पहिल्या टप्प्याने खाल्ली, दुसरी दुसऱ्याने. चार दिल्या तेव्हा पहिल्याने दोन खाल्ल्या, दुसऱ्याने एक, आणि एक पोचली. फुल्या गेल्या, पगार दिसू लागले, आणि अ‍ॅप बिघडल्याच्या तक्रारी सुरू झाल्या.

साक्षी आणि रोहितचे लग्न मार्गशीर्षात झाले. ही हकीकत ऐकून सगळेच साक्षीचे कौतुक करतात. रोहितच्या गावात त्याच्याच वयाची, निर्व्यसनी, बागा राखून असलेली आणखी बरीच मुले आहेत, असे सांगून मी या कौतुक करणाऱ्यांच्या मुलींची चौकशी करतो. तेव्हा सर्वांना एकदम कुठेतरी पोचायचे असते.

तुम्हालाही उशीर होत असेल.