ठिपकेवाले खरात काका

लालबागला आमच्या बिल्डिंगच्या फाटकाशी एक जुनी स्कूटर उभी असते. नवीन माणसाला वाटतं, हिला कांजिण्या आल्यात. आरशाला, प्लगला, ब्रेकच्या पट्ट्यांना, चाकाच्या प्रत्येक नटाला लाल ठिपका. हे ठिपके नेलपॉलिशचे आहेत, आणि ते आमच्या शेजारच्या खरात काकांनी चष्मा कपाळावर चढवून स्वतःच्या हाताने लावलेत. गाडी गॅरेजात गेली की मेकॅनिक चांगले पार्ट काढून भंगार बसवतो, असं काकांचं ठाम मत. ठिपका असला म्हणजे आपला माल आपल्याला ओळखता येतो.

काका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदारांनी तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेली चिंच शोधण्यात हयात गेली. माणूस निवृत्त झाला, नजर झाली नाही. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा परदेशात. त्यामुळे नेलपॉलिश काका स्वतःच आणतात. बांगड्यांच्या दुकानातल्या बाईंनी पहिल्यांदा कौतुकाने विचारलं होतं, "कुणासाठी?"

"स्कूटरसाठी," काका म्हणाले. "लालच द्या. ग्रीसमध्ये उठून दिसला पाहिजे."

इंजिनातलं काकांना काही म्हणजे काही कळत नाही. कार्बोरेटर कुठे असतो हे विचारलंत तर ते तुमच्याकडेच संशयाने बघतील.

आणि या संशयाला रोजचं खाद्य पुरवायला आमच्या गल्लीच्या तोंडाशी दिगंबर बसलेला असतो. दिग्या मेकॅनिक. त्याचं गॅरेज म्हणजे भिंतीला टेकवलेला एक पत्रा, हत्यारांची पेटी आणि ऑइलने काळा झालेला फुटपाथ. दिग्या लबाड आहे याबद्दल गल्लीत दुमत नाही. त्याच्या लेखी सर्व्हिसिंग म्हणजे सीटला पॉलिश आणि हॉर्नवर फुंकर. माझ्या गाडीचं ऑइल त्याने एकदा 'बदललं'. म्हणजे काढलं, बघितलं आणि परत ओतलं. वर गाडी हातात देताना म्हणाला, "घेवा ताई. एकदम मक्खन."

एकदा काकांनी त्याच्याकडून ब्रेकच्या पट्ट्या बदलून घेतल्या. काम झाल्यावर नेहमीप्रमाणे म्हणाले, "जुना माल दाखव."

दिग्याने पेटीमागच्या डब्यात हात घातला आणि दोन झिजलेल्या पट्ट्या पुढे केल्या.

"ह्यांच्यावर ठिपका नाही."

"पुसान गेलो असतलो, काका."

"चाक खोल."

चाक खोललं. आत जुन्याच पट्ट्या, ठिपक्यासकट. दिग्या जराही ओशाळला नाही. "काका, खरा सांगू? काढूक मन होईना. इतकी वर्षां सेवा केल्यानी."

त्यानंतर दिग्याने डोकं चालवलं. त्यानेही नेलपॉलिश आणली आणि कुठल्याही भंगारावर ठिपका मारून 'जुना माल' म्हणून द्यायला लागला. काकांनी तो ठिपका उन्हात धरला, नखाने खरवडला आणि निकाल दिला, "हा गुलाबीकडे जातोय." बांगडीवाल्या बाई मला थांबवून म्हणाल्या, "तुमच्या गल्लीत काय चाललंय गं? आधी ते काका येत होते, आता तो मेकॅनिक पण येतो."

ही भांडणं अख्खी सकाळ चालत. मध्ये चहा येई. काका पालथ्या क्रेटवर बसून तो पीत, ग्लास खाली ठेवत आणि पुढच्या नटाकडे वळत.

शेवटी मीच त्यांना माटुंग्याच्या एका चांगल्या गॅरेजात घेऊन गेले. तिथे गारेगार खोलीत बसायला सोफा, काचेपलीकडे गणवेशातली माणसं. त्यांनी न विचारता जुने पार्ट पिशवीत घालून दिले, प्रत्येकावर काकांचा लाल ठिपका. घरी येताना काकांनी ती पिशवी परत एकदाही उघडून बघितली नाही.

"काय झालं काका? काम नीट नाही झालं?"

"नीट झालंय," काका म्हणाले, एखाद्या आजाराची बातमी सांगावी तसे. "सगळंच नीट झालंय."

पुढच्या वेळी गाडी परत दिग्याकडे. मी विचारलं तर म्हणाले, "अगं, त्या सोफ्यावर बसून माणसाने बोलायचं कुणाशी?"

मग गेल्या हिवाळ्यात ते घडलं. चिंचपोकळीच्या पुलावरून उतरताना काकांच्या स्कूटरचा ब्रेक लागला नाही. गाडी उताराला सुटली आणि शहाळ्यांच्या हातगाडीवर आदळली. हातगाडीवाला वेळेवर बाजूला झाला म्हणून वाचला. काकांचा उजवा हात मोडला.

स्कूटर आणायला मी आणि आमच्या मजल्यावरचा संतोष गेलो. संतोषने ब्रेकची केबल सोलून बघितली. वरचं आवरण कोरं करकरीत, आतली तार जुनी, गंजून तुटलेली; काकांचा ठिपका असायचा तो आवरणावर, तारेवर नाही. आठच दिवसांपूर्वी दिग्याने 'नवीन केबल' म्हणून जे बसवलं होतं, ते हे. इतकी वर्षं आम्ही ज्यावर हसत होतो, त्याने माणूस मेला असता. संतोष तिथूनच दिग्याला मारायला निघाला, पण पत्र्याखाली कुणी नव्हतं. दिग्या पेटी टाकून पळाला होता.

हॉस्पिटलात काकांच्या खाटेशी हवालदार उभा होता. त्याने विचारलं, "गाडीचं काम कुठे केलं होतं?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात काका म्हणाले, "ब्रेक ठीक होता. माझंच लक्ष नव्हतं."

"नक्की?"

"लिहा तसं."

हवालदार गेल्यावर मी चिडले. "काका, आयुष्यभर लोकांची चोरी पकडलीत, आणि आता खोटं बोलता? तो तुमच्या जिवावर उठला होता."

"तो आत गेला तर पत्रा दुसरा कुणी घेईल," काका म्हणाले. मग तोंड भिंतीकडे करून झोपल्यासारखं केलं.

काका घरी आल्यावर काही दिवसांनी मी त्यांना प्लास्टर दाखवायला न्यायला गेले. दार उघडंच होतं. आत दिग्या उभा होता. दाढी वाढलेली, नजर जमिनीवर. ओट्यावर त्याने आणलेला पेजेचा डबा होता, शेजारी कालचा रिकामा, म्हणजे तो काही आजच पहिल्यांदा आला नव्हता. काका खुर्चीत बसले होते, गळ्यात अडकवलेला हात सांभाळत, आणि दिग्या त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याची बटणं लावत होता. बोटं घासून घासून लाल झालेली, तरी नखांतलं काळं गेलं नव्हतं. शेवटचं बटण लावून दिग्या बाजूला झाला आणि हळूच म्हणाला, "झाला, काका."

काका उठून आरशासमोर उभे राहिले. वरचं बटण भलत्याच काजात गेलं होतं. त्यामुळे सगळाच सदरा तिरका, एक टोक खाली लोंबत होतं. माझ्या लक्षात आलं, म्हणजे त्यांच्या आलंच असणार. त्यांनी स्वतःला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. दिग्या भिंतीला टेकून वाट बघत होता.

"चल गं," काका मला म्हणाले, "उशीर होतोय," आणि तसेच जिना उतरायला लागले.