नवा क्रँक, जुनं मॅग्नेट

नेऱ्याच्या हैबतरावांनी बायकोला एकदा तरी खोटं पाडायचं ठरवलं आणि त्यासाठी मोटरसायकलचं इंजिन उघडलं. (माणसं याहून सोपे मार्ग काढतात. पण हैबतरावांना सोपं काही मानवत नाही.)

झालं असं, की साधनावहिनींनी घरामागं भाड्याच्या खोल्या काढल्या होत्या. वरच्या खोलीत हिंजवडीला नोकरी करणारी मेधा नावाची मुलगी रविवारी राहायला येणार होती, आणि तिच्या चारचाकीला पत्र्याखालची सावलीतली जागा द्यायचं वहिनींनी कबूल करून टाकलं होतं. त्या जागेत हैबतरावांची टू-स्ट्रोक फटफटी कैक वर्षं बंद पडून होती. तिच्या हँडलवर कोंबड्या बसत आणि सीटवर अंडी घालत.

"चालती असंल तर ऱ्हाऊ दे, अंगनात कुटंबी लावा," वहिनी म्हणाल्या. "न्हाईतर रविवारी भंगारवाल्याला बोलावलंय."

याच फटफटीवरून हैबतराव मुलगी बघायला गेले होते. (मुलीनं गाडी बघून होकार दिला, असं ते सांगतात. वहिनी त्यावर काहीच बोलत नाहीत, आणि तेच त्यांना लागतं.) गाडी भंगारात घालायची म्हणजे आपलं तरुणपण किलोवर विकायचं, असं त्यांना मनापासून वाटलं. डोळ्यांत पाणी आलं. ते पेट्रोलच्या वासानं आलं, असं त्यांनी सांगितलं.

इंजिन उघडलं तर पिस्टनखालचा क्रँक पार खुळखुळा झालेला. पौड रस्त्यावरचे विश्राम मिस्त्री म्हणाले, या मॉडेलचा क्रँक आता पुण्यातही मिळत नाही. नंतरच्या मॉडेलचा बसतो, पण त्याच्याबरोबर ठिणगी पाडणारं मॅग्नेटही नवंच घ्या.

"नव्या क्रँकची खाच सरकवलेली हाय," ते म्हणाले. "जुनं मॅग्नेट त्याच्यावर चढंल, पन ठिणगी भलत्याच वक्ताला पडंल."

हैबतरावांनी यातलं 'चढंल' एवढंच ऐकलं आणि क्रँक घेऊन घरी आले.

इंजिनच्या गरम केसिंगमध्ये गार क्रँक अलगद बसतो, हे त्यांना माहीत होतं. म्हणून क्रँक फ्रीजरमध्ये मटाराच्या पिशवीशेजारी गेला आणि केसिंग भाकरीच्या तव्यावर चढलं. क्रँक खरोखरच लोण्यात सुरी जावी तसा बसला. संध्याकाळच्या भाकरीला मात्र इंजिन ऑइलचा वास येत होता. हैबतरावांनी एक जास्तीची मागून घेतली आणि पीठ बदललं का, म्हणून विचारलं. वहिनींनी तव्याकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं पाहिलं, आणि रविवारपर्यंत थांबायचं ठरवलं.

रविवारी भंगारवाला टेम्पो घेऊन फाटकात उभा. मेधाची गाडी त्याच्यामागं. शेजारच्या गोजराबाई चुलतींनी फटफटीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. हैबतरावांनी किक मारली. किकनं उलट त्यांच्याच पिंढरीला तडाखा दिला, पण इंजिन सुरू झालं. निळ्या धुरात अख्खं अंगण नाहीसं झालं. धुरातूनच त्यांनी बायकोकडं विजयी नजर टाकली, पहिला गिअर घातला आणि क्लच सोडला.

फटफटी मागं गेली. चांगली जोरात गेली. कोंबड्या उधळल्या, दोरीवरची साडी हैबतरावांच्या गळ्यात आली आणि स्वारी थेट उकिरड्यात जाऊन थांबली. ठिणगी भलत्या वक्ताला पडल्यानं इंजिन उलटं फिरायला लागलं होतं, आणि टू-स्ट्रोकला त्याचं काही वाटत नाही.

गोजराबाईंनी लिंबू उचलून निरखलं. "ह्याला तर काय झालंच न्हाई," त्या म्हणाल्या आणि परत ठेवून दिलं.

"काका, बाइकला रिव्हर्स गिअर?" मेधानं विचारलं.

"नवा क्रँक हाय," हैबतराव उकिरड्यातून म्हणाले. "पार्किंगला बरं पडतं."

मग वाद पेटला. चालती पाहिजे असं ठरलं होतं, कुठल्या दिशेनं ते ठरलं नव्हतं, हा हैबतरावांचा मुद्दा. चालणं म्हणजे पुढं, हा वहिनींचा. भंगारवाल्याच्या मते त्याला दोन्ही चालत होतं. चहा होईपर्यंतची मुदत मिळाली.

तेव्हा कुठं हैबतरावांना मिस्त्रींचं उरलेलं वाक्य आठवलं. पण रविवारी नवं मॅग्नेट कुठून आणणार? त्यांनी फटफटी परत लिंबापाशी ओढत आणली, जुनंच उतरवलं, त्याला खाचेत अडकवणारी चावी काढून फेकून दिली, प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून पिस्टन वर आलेला पाहिला, ठिणगीची वेळ नजरेनं जुळवली आणि जीव खाऊन नट आवळला. वहिनींनी चहाचे कप बाहेर आणले.

किक मारली. क्लच सोडताना हैबतरावांनी डोळे मिटले. चाकाखाली पचकन आवाज झाला.

"गेलं," गोजराबाई समाधानानं म्हणाल्या.

वहिनी पदर खोचून मागं बसल्या. मारुंजीपर्यंत फटफटी अशी पळाली, की रस्त्यात अडकलेल्या मोटारींमधली माणसं काचा खाली करून बघत होती. परतताना वहिनींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. गेल्या कैक वर्षांत हैबतराव इतके सुखी झाले नव्हते. भंगारवाला चहा पिऊन रिकामा गेला.

अंगणात उतरल्याबरोबर वहिनी घरात गेल्या आणि दळणाचा डबा, दुधाची किटली आणि तेलाची रिकामी बरणी घेऊन बाहेर आल्या.

"इतकी वरसं कायबी सांगितलं की गाडी बंद हाय म्हनायचा," त्या म्हणाल्या. "आता रोज सकाळी डेअरी, सांजच्याला दळन. गोजराकाकूंचं गुडघ्याचं औषधबी आना."

"काका, जाताच आहात तर माझा पाण्याचा जारही आणाल?" वरून मेधानं विचारलं.

हैबतरावांनी डबा टाकीवर ठेवला, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि अगदी हळू, कशीबशी किक मारली.

पहिल्याच किकला गाडी सुरू झाली.