काटकसरीच्या समारोपाचा घोडा

आमच्या महिला कारागृहात कैदी स्त्रियांना अर्थसाक्षर करण्यासाठी सहा आठवड्यांचा वर्ग मंजूर झाला. जिला प्रमाणपत्र मिळेल, तिचीच फाइल मुदतपूर्व सुटकेसाठी पुढे सरकणार होती. सतरा जणींनी नावे दिली. त्यांत झूराकान होती. मुलाच्या लग्नाच्या मेजवानीसाठी शेजारणींच्या नावावर अकरा कर्जे काढल्याने ती आत आली होती. त्या लग्नाचे फलित असलेली नात आता तीन वर्षांची झाली होती आणि आजीला फक्त फोटोत ओळखत होती.

तिसऱ्या धड्यात तरुण शिक्षिका नुरझात यांनी फळ्यावर लिहिले: 'ऐपत नसेल, तर नाही म्हणा.' झूराकानने ते वहीत दोनदा उतरवले.

समारोपाला राजधानी बिश्केकहून निरीक्षक येणार, असे कळले. प्रथम चहा आणि बोरसोक, म्हणजे तळलेले पिठाचे तुकडे, ठरले. निरीक्षकांना नुसता चहा शोभत नाही, म्हणून मेंढा ठरला. मग उपसचिवही येणार असे कळले. आमच्याकडे मेंढ्याचे डोके मुख्य मानकऱ्याला वाढतात; इथे मानकरी दोन आणि मेंढ्याला डोके एक! दुसरा मेंढा आणावा, तर कोणते डोके थोर, हा प्रश्न समारोप समितीच्या अधिकारकक्षेबाहेरचा होता. घोड्याचे डोके कोणालाच वाढत नाहीत; सबब घोडा ठरला. त्याची नोंद 'गरज' या लेखाशीर्षाखाली झाली. 'हौस' या शीर्षाखाली तरतूद नव्हती.

प्रत्येकीने दोन हजार सोम आहेर द्यावा, नसल्यास शिवणकामाच्या मजुरीतून व्याजाने उचल घ्यावी, असा आदेश निघाला. संपूर्ण वर्गातले हे एकमेव प्रात्यक्षिक होते. सोळा जणींनी अंगठे उठवले.

"माझी ऐपत नाही," झूराकान म्हणाली. "म्हणून, नाही."

"अहो मोठ्या ताई, ते परीक्षेत लिहायचं असतं!" नुरझात कळवळल्या. "मी स्वतः उचल घेतलीय. लोक काय म्हणतील?"

"अकरा कर्जं काढताना मीही हेच विचारलं होतं, पोरी. लोक काही म्हणाले नाहीत. जेवले आणि गेले."

"म्हणाले की!" मागून साइकाल ओरडली. ती झूराकानच्याच गावची होती. "मीठ कमी होतं म्हणाले!"

घोडा उत्तम शिजला. उपसचिव काटकसरीवर पाऊण तास बोलले; मधे दोनदा त्यांनी रस्सा मागवला. सोळा कर्जदार महिला अर्थसाक्षर घोषित झाल्या आणि यथावकाश सुटल्या. सर्वाधिक गुण झूराकानला होते. तिच्या फाइलवर शेरा पडला: 'आर्थिक समज उत्कृष्ट. समाजात परतण्यास अपात्र.'

नात आता चार वर्षांची आहे.

हा अन्याय आहे, असे आपण म्हणाल. आपल्यासारख्या सुज्ञांकडून तीच अपेक्षा होती. तेव्हा तिला सोडवाच, आणि आपल्या मुलीच्या लग्नाला बोलवा. ती रिकाम्या हाताने येईल, पोटभर जेवेल आणि मीठ कमी होते, असे कुठेही सांगणार नाही. आहेराच्या यादीत तिच्या नावापुढची जागा कोरी राहील. ती यादी आपण लग्नानंतर किती वेळा वाचता, एवढेच सांगा.