सुंदराबाईंचं कलिंगयुद्ध

बुद्धपौर्णिमेच्या नाटकात सम्राट अशोक यंदा शंकरराव करणार, ही बातमी अंजनाने नळावर ऐकली आणि घरी येऊन सासूला सांगितली. तिथेच चूक झाली. सुंदराबाई भाकरी थापत होत्या. तव्यावर पडायची भाकरी परत परातीत पडली.

"का? माझा किसन मेला काय?"

"तसं नाही हो, आत्या. यांचा आवाज..."

आवाज गेला होता हे खरं. अंबरनाथच्या त्या वस्तीत सम्राट म्हणजे किसन, हे वर्षानुवर्षं ठरलेलं. तो नुसता "कलिंग!" म्हणाला की मागे झोपलेली पोरं दचकून उठून बसायची. पण हिवाळ्यात त्याच्या घशातली गाठ काढली. जीव वाचला, आवाज नाही वाचला. आता तो बोलला की सायकलच्या ट्यूबमधून हवा सुटल्यासारखं वाटे. कारखान्यात हातवाऱ्यांवर भागत होतं. नाटकात कसं भागणार?  किसन मात्र तालमीची वेळ झाली की विहाराकडे पाठ करून बसायला लागला. ती पाठ सुंदराबाईंना बघवेना.

त्या तशाच पिठाच्या हातांनी नाटकाच्या कमिटीत जाऊन उभ्या राहिल्या.

"शंकरराव, तुम्ही भंते करा. टक्कल आयतंच आहे, न्हाव्याचा खर्च वाचेल."

शंकररावांनी अशोकाची सगळी भाषणं पाठ करून ठेवली होती. ते कसंनुसं हसले. "वहिनी, किसनबद्दल मला का प्रेम नाही? पण लोकांना ऐकू तर गेलं पाहिजे ना?"

"जाईल. पार बदलापूरपर्यंत जाईल. तुम्ही टकलाची काळजी घ्या."

बोलून तर बसल्या. आता आवाज आणायचा कुठून? त्यांनी किसनला धरला आणि उल्हासनगर गाठलं. तिथे कॅम्पात तोलारामचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, तारांचं जंगल. त्यातून तोलारामचा फक्त चष्मा दिसायचा.

"अम्मा, सीधी बात आहे. स्टेजवर माईक लावायचा."

"तो असतो वर टांगलेला. मोठ्या गळ्याच्यांचंच तो ऐकतो, गरिबाचं ऐकत नाही. आणि राजा काय माईकपुढे उभा राहून लढणार? लढाईत पळावं लागतं, बाबा."

तोलारामने किसनकडे पाहिलं. किसनने हळूच, हवेच्या आवाजात सांगितलं, "राजाच्या अंगात चिलखत असतं."

"तो फिर," तोलारामचे डोळे चष्म्याएवढे झाले, "चिलखतच बोलेल!"

मग सगळी वस्ती कामाला लागली. रेशनवाल्याने तेलाचे रिकामे डबे दिले, ते कापून चिलखत झालं. शेजारच्या मोतीबाईंनी जुना रेडिओ दिला, त्याचा स्पीकर चिलखताच्या पोटात गेला. तोलारामने टेलिफोनच्या रिसीव्हरमधला माईक काढून तो शिरस्त्राणाच्या पट्ट्याला, अगदी ओठांजवळ बसवला आणि त्याची तार चिलखतात सोडली. मंडळाच्या मधूने आपला टेपरेकॉर्डर दिला. तो स्पीकरखाली बसला, म्हणजे लढाईत बटण दाबलं की सम्राटाच्या अंगातूनच रणांगण वाजणार.

रणांगण सुंदराबाईंच्या स्वयंपाकघरात टेप झालं. अंजनाने उलथन्यावर उलथनं आपटलं, त्या तलवारी. नारळाच्या करवंट्या जमिनीवर आपटल्या, ते घोडे. लग्नात पिपाणी वाजवणारा एकजण हत्ती झाला. सैन्याला माणूस कमी पडला, तेव्हा सुंदराबाईंनी मधूला बाजूला सारलं आणि मशीनच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडल्या, "मारा! कापा! एकालाही सोडू नका!"

"मावशी, बास! मशीनचा काटा तुटेल!" मधू म्हणाला.

तालमीच्या पहिल्या दिवशी चिलखताने नुसतीच शिट्टी मारली. वस्तीतली सगळी कुत्री विहारापुढे जमली. तोलाराम धावत आला. "स्पीकर आणि माईक एकमेकांचं ऐकतात, अम्मा. सास-बहूसारखं. थोडं दूर ठेवायला पाहिजे." त्याने मध्ये गोधडीचा तुकडा कोंबला. शिट्टी थांबली आणि पोटातून किसनचा आवाज आला. जाडाभरडा, पत्र्याचा, पण आवाज. किसन तिथेच खाली बसला. किती महिन्यांनी त्याने स्वतःला ऐकलं होतं.

तालमी झाल्या. शेवटचा प्रवेश मात्र चिलखताशिवाय करत, उगाच सेल संपायला नकोत म्हणून. विहाराच्या खोलीत किसनची कुजबुजही सगळ्यांना ऐकू येई. त्यामुळे एक गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही. सुंदराबाईंच्याही नाही.

नाटकाच्या संध्याकाळी पार वांगणीहून माणसं आली. सुंदराबाई पांढरं लुगडं नेसून पहिल्या रांगेत. किसन "कलिंग!" म्हणाला तशी मैदानाची मान ताठ झाली. लढाईत त्याने बटण दाबलं, हत्ती ओरडले, करवंट्या दौडल्या. टाळ्या थांबेनात. सुंदराबाईंनी मागे वळून कमिटीकडे असं काही पाहिलं की अध्यक्ष खुर्चीत खचले.

मग शेवटचा प्रवेश आला. प्रेतांच्या राशी पाहून सम्राटाचं मन पालटतं, तो तलवार टाकतो आणि शिरस्त्राण, चिलखत उतरवून भंतेंच्या पायाशी ठेवतो. नाटकात लिहिलंच होतं तसं. किसनने ते उतरवून ठेवलं, आणि आवाजही उतरला.

किसनचे ओठ हलत होते. ऐकू काहीच येत नव्हतं. मागून कोणीतरी ओरडलं, "आवाज!" दुसरा म्हणाला, "अरे, बोल ना रे!"

आणि बोललं ते चिलखत. आडवं ठेवताना त्याचं बटण दाबलं गेलं होतं. सम्राट हात जोडून शांतीची याचना करतोय आणि त्याच्या पायाशी पडलेलं चिलखत सुंदराबाईंच्या आवाजात किंचाळतंय, "मारा! कापा! एकालाही सोडू नका!"

मैदान हसून आडवं झालं. सुंदराबाईंनी पदर तोंडावर घेतला. किसनचा चेहरा पाहिला आणि त्यांना हसणाऱ्यांचा रागही येईना. आता भंते झालेले शंकरराव अशोकाचं भाषण स्वतःच ठोकणार, असं सुंदराबाईंनी धरूनच ठेवलं. पाठ होतंच. ठोकलं असतं तर कोणी नावं ठेवली नसती. महिनाभर त्यांच्या टकलाचा उद्धार चालला होता, त्याची परतफेडही झाली असती.

शंकरराव वाकले. चिलखताच्या पोटात कोपरापर्यंत हात घातला आणि एकेक करून सगळे सेल बाहेर काढून रांगेत मांडले. चिलखत गप्प झालं.

"सम्राट, हे युद्ध संपलं," ते खणखणीत म्हणाले. मग लोकांकडे वळून त्यांनी तळहात वर केला. "आता सम्राट बोलतील. हळू बोलतील. ज्याला ऐकायचंय त्यानं तोंड मिटावं."

मैदान मिटलं. शेंगदाणेवाल्याने पुडी बांधायची थांबवली.

"मी जिंकलो," किसन म्हणाला. नुसती हवा होती, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेली. "पण सांगू कोणाला? ऐकायला कोणी उरलं नाही."

तोलाराम मागे उभा होता, तो चष्मा पुसायला लागला. मोतीबाई हुंदके देत होत्या. किसनने पूर्ण भाषण केलं, एक शब्द न गाळता. नाटक संपलं तरी लोकांना टाळ्या वाजवायचं सुचायला वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शंकररावांना बोलावणं गेलं. तोलारामला आणि मधूलाही गेलं होतं, पण पहिलं ताट शंकररावांचं. कोंबडी होती, भाकरी होती. सुंदराबाई समोर बसल्या.

"भाषण पाठ होतं तुम्हाला. मग का नाही म्हटलं?"

"माझं नव्हतं ते, वहिनी."

 सुंदराबाईंनी ताटात अजून एक भाकरी टाकली, त्यावर रस्सा ओतला.

"पुरे, वहिनी."

"गप खा. थँक्यू बोलायला मी शाळेत गेले नाही. मला फक्त वाढता येतं." पुन्हा पळी भरली. "अंजना, आण गं अजून!"

त्या दुपारी शंकररावांना एवढं थँक्यू वाढलं गेलं की पाटावरून उठताना किसनला त्यांना दोन्ही हातांनी धरून उभं करावं लागलं.