चहा संपायच्या आत फोटो

रऊफचाचा वेबसाईटची परीक्षा चहावर घेत. पातूरच्या बसस्टँडवर नेटवर्क मरतुकडं. तिथे बसून ते चहा मागवायचे आणि जुनाट फोनवर माझा ब्लॉग उघडायचे. चहा संपायच्या आत फोटो दिसला तर पास. "लोकायकडं चहाएवढाच वेळ असते, बेटा," असं त्यांचं म्हणणं.

अकोल्यात ते आमचे शेजारी. फोटो स्टुडिओ बंद केल्यावर, साठीनंतर, हौसेने कॉम्प्युटर शिकलेले. कपाशीची ती वर्षं वाईट होती. मी कृषी पदवीधर. किडींबद्दल लिहावं असं माझ्या मनात होतं. चाचांनी वेबसाईट बांधून दिली. अगदी साधी, एकेक पान हाताने लिहिलेलं.

आमचं वाजायचं ते फोटोंवरून. मला सोपा मार्ग हवा होता : दुसऱ्याच्या साईटवरच्या फोटोचा पत्ता आपल्या पानात टाकायचा.

"हा मांगून आनलेला फोटो," चाचा म्हणाले. "मालकानं काढून घेतला का आपन उघडे."

तसंच झालं. मालकाने फोटो बदलला आणि गुलाबी बोंडअळीच्या जागी मेंदी लावलेली नवरी हसत बसली. खाली माझं वाक्य होतं, 'ही दिसताच ताबडतोब नष्ट करा.' चाचा दोन दिवस मला 'नवरीवाली बाई' म्हणत होते.

मग चाचांनी फोटोचाच हजारो अक्षरांचा कोड करून तो थेट पानात कोंबला. वेगळी फाईल नकोच. पण पान इतकं जड झालं की पातूरला चहा संपला, परतीची बस लागली, तरी स्क्रीन पांढरीच. "हे तं पाव्हनं खाटेसकट आलं," म्हणत ते उठले.

शेवटी आम्ही शेतात जाऊन स्वतः फोटो काढले, लहान केले आणि आपल्याच साईटच्या फोल्डरमध्ये ठेवले. कपात घोटभर चहा असतानाच फोटो आला. चाचांनी तो घोट मला दिला.

तरी चाचा पान लोकांसाठी खुलं करेनात. फोटो आलाच नाही तर त्या जागी दिसतील असे शब्द चाचा लिहीत बसले होते. मी म्हटलं, "फक्त 'डोमकळी' लिहा ना." ते म्हणाले, "काहून घाई करून राहिली?" आणि लिहीत राहिले : कपाशीचं फूल, पाकळ्या उमललेल्या नाहीत, टोकाशी एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या गोळा झालेल्या, उघडल्यास आत अळी.

आठवडाभराने एका शेतकरीण बाईंचा फोन आला. "ताई, फोटो काही आला नाई. पन लिवलेलं वाचून कळी फोडली, तं आत अळी निंगाली. सारं वावर पायलं, कळ्या येचून टाकल्या."

आभार मानायला मी चाचांकडे धावले. ओसरीवर शमीमचाची फोन कानाशी धरून बसल्या होत्या. साखरेच्या आजाराने त्यांची नजर गेलेली, हे गल्लीला ठाऊक होतं. फोन त्यांना माझा ब्लॉग वाचून दाखवत होता. फोटो आला की त्याच्या जागी चाचांनी लिहिलेले शब्द ऐकू येत. चाचींचं माहेर नांदगाव खंडेश्वरचं, शेतीवाडीचं.

"हे रोज एक फोटो दाखवते मले," त्या म्हणाल्या.

शेजारी बसलेले चाचा खाली बघत चष्मा पुसत राहिले.

"बेटा, फोटो तू काढला ना? सकाळी?" चाचींनी विचारलं. "फुलावर दव होतं का?"

"होतं, चाची. बरंच होतं."

चाचांनी चष्मा लावला, कॉम्प्युटर उघडला आणि दव लिहिलं.